क्लाऊन लोचचा गृहप्रवेश

टाकी सकाळी आणा, मासे संध्याकाळी. मधे चार-सहा आठवडे नुसतं पाणी फिरवत ठेवायचं, फिल्टरमध्ये जिवाणू वाढू द्यायचे, त्यांच्याकडून माशांच्या घाणीतून होणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट झालं का ते तपासत बसायचं, हे रिकामटेकड्यांचे उद्योग. तुमची शनिवारी वास्तुशांत आहे आणि ईशान्य कोपऱ्यात पाणी हवं असं गुरुजींनी सांगितलंय. जिवाणूंना मुहूर्त पाळता येत नसेल तर त्याला तुम्ही काय करणार?

टाकी दोन फुटी घ्या. दोन बाय एक बाय एक, म्हणजे काठोकाठ भरली तर ५६ लिटर. टीव्हीशेजारी चपखल बसते. दुकानात क्लाऊन लोच दोन इंचांचा असतो. नारिंगी अंगावर तीन काळे पट्टे, लालभडक शेपूट, वर मिशा. सुमात्रा-बोर्निओच्या नद्यांतला हा प्राणी ३० सेंटीमीटरपर्यंत, म्हणजे शाळेतल्या पट्टीएवढा वाढतो आणि वीस वर्षांहून जास्त जगू शकतो, हा विषय दुकानात काढू नका. "टाकीच्या मापानेच वाढतो, साहेब," असं उत्तर मिळतं आणि ते ऐकायला फार बरं वाटतं. तसं असतं तर चाळीच्या दहा बाय दहात वाढलेली आमची अख्खी पिढी कमरेइतकीच राहिली असती.

आणि एकच घ्या. पाच-सहा जणांच्या टोळक्यात ते मजेत राहतात म्हणे. पण एकटा असला की दिवसभर हीटरमागे दडून बसतो, टाकी कशी नीटनेटकी दिसते.

आता गृहप्रवेश. पिशवी अर्धा तास टाकीत तरंगत ठेवा, मग थोडं थोडं पाणी मिसळा, असं सांगणारे भेटतील. त्यांना मुलंबाळं नसावीत. तुम्ही पिशवी कापा आणि ओता. पाणी थेट नळाचं, क्लोरीनच्या वासासकट. महापालिकेने एवढं शुद्ध करून दिलंय, ते वाया का घालवा? मासा बाहेर काढायची वेळ आली तर बारीक जाळीच वापरा. या माशाला डोळ्याखाली एक काटा असतो. घाबरला की तो उघडतो आणि जाळीत रुततो. माझ्या पहिल्या लोचचा असाच रुतला. मी ओढून पाहिलं. (ओढू नये, पण हा लेख तसल्या सल्ल्यांचा नाही.) शेवटी नखं कापायच्या कात्रीने जाळीचा एकेक धागा तोडला. बायको वाटीने त्याच्यावर पाणी घालत होती आणि तो टक् टक् आवाज करत होता. मासा बोलतो हे मला त्या दिवशी कळलं. काय बोलत होता तेही साधारण कळलं.

जेवणाचं मात्र मनावर घ्या, कारण माणसाची माया तिथेच दिसते. नवीन जागी लोच दोन-तीन दिवस तोंडसुद्धा लावत नाही. उपाशी आहे बिचारा, आणखी टाका. तरंगणारे फ्लेक्स टाका; त्याचं तोंड खालच्या बाजूला असतं आणि तो तळ हुंगत फिरतो, पण सवय होईल. भर सकाळी, दिवे लावून टाका. पाहुण्यांच्या प्रत्येक मुलाला एकेक चिमूट द्या. उरलेलं कुजून पाणी दुधाळ झालं, की टाकीला धुक्याचा इफेक्ट येतो.

आमच्याकडे एका रात्री भलतंच झालं. दिवे बंद केले, बुडणाऱ्या चार गोळ्या टाकल्या आणि गरम पाण्यातून काढलेली काकडीची चकती स्टीलच्या काट्याला टोचून तळाशी सोडली. सकाळी काट्याला फक्त सालीचं कडं. झाडांबरोबर आलेल्या गोगलगायींचे शंखही रिकामे. इतकं साधं असेल तर हौसेला काय अर्थ उरला?

स्वदेशीचा आग्रह असेल तर झेब्रा लोच मागा. कृष्णेच्या खोऱ्यातला, पश्चिम घाटातला, जेमतेम तीन इंचांचा. १९२० साली शास्त्रात नोंदला गेला, आज धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत आहे. नदीतून थेट पकडून आणलेला मिळाला तर जरूर घ्या. मराठी माणसाने मराठी माशाला हात द्यायचा नाही तर कोणी?

एखाद्या दुपारी लोच कुशीवर आडवा पडलेला दिसेल. तो झोपलाय. ही त्याची जन्माची खोड आहे. तुम्ही हंबरडा फोडा, चमच्याने ढोसा, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाका.

खरी धावपळ पुढच्या आठवड्यात. अंगावर रवा भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके येतील. लोचला हा रोग चटकन धरतो आणि खवले अगदी बारीक असल्याने त्याला औषधही जास्त बाधतं, तांब्याचं तर फारच. म्हणून डबल डोस द्या. निळं पाणी छानच दिसतं.

रविवारपर्यंत टाकी मोकळी होईल. धुऊन पुसून स्वयंपाकघरात ठेवा. दोन फुटांत पाच किलो कांदे आरामात मावतात, आणि काचेतून किती उरलेत तेही दिसतं.