या आठवड्यात जळगावात: सत्कार बघा, गाणं जमलं तर

थंडी पडली. भरिताच्या पार्ट्या सुरू झाल्या आणि त्यांच्या मागोमाग सांस्कृतिक कार्यक्रमही. २००३ साली जळगावची महानगरपालिका झाली, त्यामुळे कागदोपत्री का होईना, आपण मोठ्या शहरात राहतो. मोठ्या शहरातल्या माणसाला अधूनमधून रसिक म्हणून कुठेतरी जाऊन बसावं लागतं. या आठवड्यात पेपरच्या आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात बघा: एक मैफल, एक चित्रप्रदर्शन, दोन पुस्तकं प्रकाशित होणार, एक कविसंमेलन, शिवाय राज्य नाट्य स्पर्धेची नाटकं. एवढं सगळं एकदम आल्यावर माणूस गांगरतो. म्हणून हे अनुभवाचे बोल. जपून ठेवा.

पहिलं म्हणजे तिकीट काढू नका. गावात ज्याची कोणाशी ओळख नाही तो तिकीट काढतो, असा आपल्याकडे दंडक आहे. त्यामुळे दुपारपासून फोन लावायला घ्या. ‘पास शे का भो?’ समोरचा नाही म्हणाला तर त्याच्या मेहुण्याला लावा. मेहुणा नाही म्हणाला तर नगरसेवक आहेतच. दोनशे रुपयांचं तिकीट वाचवण्यासाठी असा अर्धा दिवस घालवा आणि नाटक सुटल्यावर हायवेच्या ढाब्यावर शेवभाजीचं आठशे रुपयांचं बिल आपणच भरणार म्हणून मित्राचा हात पिरगाळा. ‘नाही भो, आज मीच देणार!’ दिलदार माणसं आपण.

पत्रिकेवर सहा छापलं असेल तर पावणेसातला दाढीला बसा.

चित्रप्रदर्शनाला उद्घाटनाच्या दिवशीच जा. फीत कापताना कात्रीच्या जितकं जवळ उभं राहता येईल तितकं राहा, कारण उद्या फोटोत तेवढंच येणार आहे. भिंतीवरच्या चित्रांकडे पाठ ठेवा, त्याशिवाय फोटोत तोंड कसं दिसेल? चित्रकार भेटला तर ‘हे काढायला किती दिवस लागले?’ एवढंच विचारा आणि आपल्या पुतणीचीही ड्रॉइंग कशी छान आहे ते सांगून समोशांकडे वळा. दुसऱ्या दिवशी त्या हॉलमध्ये चित्रकार, त्याची बायको आणि वॉचमन असे तिघे असतात. त्यांना निवांतपणा द्या.

चित्रांवरून आठवलं. चाळीसगावला केकी मूस राहायचे. टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, त्यावर उजेड टाकून त्यातून डोंगर, बर्फ, घरं उभी करणारा छायाचित्रकार. इंग्लंडात शिकून आलेला हा माणूस चाळीसगावच्या स्टेशनजवळच्या बंगल्यात जवळजवळ पन्नास वर्षं स्वतःला कोंडून घेऊन राहिला आणि १९८९च्या ३१ डिसेंबरला गेला. रेल्वेने येणाऱ्या प्रेयसीची तो कशी रोज वाट पाहायचा, ही गोष्ट खान्देशात कोणालाही विचारा, डोळ्यांत पाणी आणून सांगेल. त्याने काढलेले फोटो पाहिलेत का, हे मात्र विचारू नका. महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुण्याला जाताना चाळीसगाव लागतं की. तेव्हा आपण वडे घेतो.

कविसंमेलन: आपली वाचा आणि निघा. समोर उरलेत ते ज्यांची कविता अजून व्हायची आहे ते, असं समजावं. आता याच जळगावात १९०७ साली मराठीतलं पहिलं कविसंमेलन भरलं होतं, धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा सतरा वर्षांचा पोरगा तिथे उभा राहिला आणि ‘बालकवी’ होऊन खाली बसला. म्हणजे त्या दिवशी समोर कोणीतरी ऐकत होतं, असं मानायला जागा आहे. तशी चूक हल्ली होत नाही.

पुस्तक प्रकाशनाला गेलात तर पुस्तक विकत घेऊ नका. लेखक भेट देतोच. नाही दिलं तर ‘आमची प्रत?’ म्हणायचं.

आता मैफल. हा आठवड्याचा मुख्य पदार्थ, आणि त्याचं प्रशिक्षण मला मागच्याच शनिवारी एका मैदानात मिळालं, त्यामुळे इथे जरा सविस्तर.

शास्त्रीय गायनाच्या मैफलीत मुख्य कार्यक्रम सत्काराचा असतो, हे आधी मनात पक्कं करा. गाणारीला बोलावलेलं असतं ते सत्काराला गर्दी हवी म्हणून. एकदा हे पटलं की त्रास होत नाही. संध्याकाळी सहाची वेळ. सहाला मंचावर दोन तानपुरे गवसणीत, एक हार्मोनियम, तबला, आणि यांच्यापुढे एक लांबलचक टेबल, त्यावर झालर. टेबलामागे अकरा खुर्च्या. पाहुणे सातला दहा कमी असताना आले. अध्यक्ष, स्वागताध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, आणि ज्यांना काय म्हणावं ते ठरलं नव्हतं असे आप्पा, नाना आणि भाऊ. मग समई. वाऱ्याने काडी विझते, दुसरी लावतात, तीही विझते. शेवटी फोटोग्राफरने ‘साहेब, नुसता हात धरा’ म्हटलं आणि न पेटलेल्या वातीपाशी पाच जणांचे हात धरून फोटो निघाला. पाहा, अशी अडचण आली तर अशी मात करायची.

मग स्वागतगीत. मग प्रास्ताविक. मग प्रत्येकाला शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि संस्थेचं चिन्ह कोरलेली ती काचेची पाटी, जी कुठल्याही घरात टीव्हीच्या वर ठेवलेली असते. प्रत्येकाच्या हस्ते प्रत्येकाचा. अकरा जणांचा सत्कार झाल्यावर ‘अनवधानाने राहून गेलेल्या’ चौघांना खालून वर बोलावलं. निवेदक दोन सत्कारांच्या मध्ये चारोळी टाकत होता. प्रमुख पाहुण्यांनी माइक हातात घेऊन ‘मला संगीतातलं काही कळत नाही’ अशी सुरुवात केली तेव्हा मला वाटलं, आता हे बसतील. पस्तीस मिनिटं बोलले. रस्ते, अमृत योजनेची पाण्याची पाइपलाइन, केळीचे भाव, तरुण पिढीचं मोबाइलचं व्यसन आणि आपली संस्कृती कशी टिकली पाहिजे. हे चालू असताना मागे बिचारा तबलजी हातोडीने हळूच गठ्ठे ठोकून तबला चढवायला लागला. उघड्यावरचा कार्यक्रम, डिसेंबरचं दव, तबल्यावरची कातड्याची पुडी सुरातून उतरते, दर थोड्या वेळाने चढवावीच लागते. साहेबांनी मागे वळून पाहिलं आणि म्हणाले, ‘ते ठकठक जरा थांबवा बुवा.’

थांबवलं त्याने. हातोडी मांडीखाली ठेवली.

संस्कृती कशी टिकली पाहिजे, ते मग पुढे सुरू झालं.

बाई गायला बसल्या तेव्हा पावणेनऊ झाले होते. बाईंनी माइकवर शांतपणे सांगितलं की सहाची वेळ दिली होती म्हणून मारवा गाणार होते. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: मारवा हा मावळतीचा राग. दिवस बुडताना गायचा. त्यात षड्जावर, म्हणजे ‘सा’वर नीट टेकू देत नाहीत, कोमल रिषभावर, म्हणजे ‘रे’वर जीव टांगून ठेवतात, पंचम, म्हणजे ‘प’ तर नाहीच. ती बेचैनी सूर्य बुडतानाच्या उजेडाशी जुळवलेली असते. पावणेनऊला कसला उजेड? हॅलोजनचा? त्यांनी रात्रीचा राग, बिहाग घेतला. तक्रार नाही, चेहऱ्यावर काही नाही. आलाप जरा कुठे गंधारावर स्थिरावत होता तेवढ्यात पुढच्या तीन रांगा उठल्या, कारण पाहुण्यांना ‘पुढचा कार्यक्रम’ होता. त्यांना निरोप द्यायला आयोजकही उठले. त्यांच्यामागे कार्यकर्ते. पांढरी खोळ घातलेले ते सोफे, टीपॉयवर काजूच्या प्लेटा, अर्ध्या पाण्याच्या बाटल्या, सगळं तसंच, माणूस एक नाही. मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर निवृत्त शिक्षक, बँकेतली माणसं, संगीत क्लासच्या पोरी, कानटोपी घातलेल्या दोन आजी. त्यातल्या एक आजी काठी टेकत पुढे गेल्या तर बिल्ला लावलेला पोरगा आडवा आला: ‘आजी, ते राखीव आहे.’ कोणासाठी राखीव रे बाबा? गेले ते!

बाई त्या रिकाम्या सोफ्यांकडे बघून गात राहिल्या. दहाला पाच कमी असताना एक जण वाकत वाकत मंचावर गेला आणि मनगटावरचं घड्याळ दाखवलं. २०००च्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. बरोबर आहे, नियम आहे, झोपणाऱ्यांचा हक्क आहे. जलद लयीतली द्रुत बंदिश अर्ध्यात सोडून बाईंनी चार मिनिटांची भैरवी म्हटली. आम्ही गाड्या काढून रिंग रोडला लागलो तेव्हा साडेदहा होऊन गेले होते आणि समोरून एक वरात येत होती. डीजेच्या भिंतीने दुकानांची शटरं थरथरत होती. तिला कोणी घड्याळ दाखवलं नाही.

असो. सल्ले द्यायचे होते.

लहान मुलांना अवश्य न्या. मोबाइल सायलेंटवर टाकू नका, रिंगटोन भक्तिगीताची असली की कोणी बोलत नाही.

नाट्य स्पर्धेला फक्त आपला भाचा काम करतो त्या दिवशी जा, त्याचा प्रवेश झाला की उठा.

आणि खरी संगीताची आवड असेल तर पुण्याला जा. सवाई गंधर्व महोत्सव. भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केला, आता भीमसेनजींचंही नाव त्यात आहे. आपल्या गावातली कितीतरी मंडळी दरवर्षी जातात. तिकीट काढून! रिझर्व्हेशन करून, नातेवाइकाकडे मुक्काम ठोकून, सतरंजी बगलेत मारून, वेळेच्या आधी मुकुंदनगरच्या मैदानावर हजर. तिथे फोन बंद, तिथे आलाप चालू असताना उठत नाहीत, तिथे तालाची सम बरोबर सापडते आणि मान डोलते. स्टेटसला फोटो. परत आल्यावर चौकात उभं राहून सांगायचं, ‘जळगावात काही होत नाही भो. पुण्याची बातच और.’

होत नाही? मागच्या शनिवारी झालं ना! चौकात असं सांगणाऱ्यांतले तिघे त्या मैदानात माझ्या पुढच्या रांगेत होते. त्यातल्या एकाने बिहाग चालू असताना कांद्याच्या भावावर फोन घेतला, दुसरा पाहुण्यांना गाडीपर्यंत पोचवायला गेला तो आलाच नाही. पंधरा सत्कारांना पंधरा वेळा टाळ्या वाजवल्या त्या कोणी? आपण. साहेबांचं भाषण लांबलं तेव्हा एकाने तरी उठून ‘साहेब, गाणं ऐकायला आलोय’ म्हटलं? मीही बसूनच होतो, तो भाग वेगळा नाही. पण निदान नंतर आयोजकांकडे गेलो. तर ते म्हणाले, ‘पाहुणे नाही बोलावले तर मंडपाचे पैसे कोण देणार? तुम्ही लोक पास मागता.’ काय उत्तर द्यायचं यावर? खरं बोलला माणूस. आपण दोनशे रुपये देत नाही म्हणून तो मंडप भाऊंकडून घेतो आणि भाऊ आपले पैसे शालीतून आणि माइकवरून वसूल करतात. तुमच्या त्या एका फुकटच्या पासाची किंमत तिकडे मारव्याने भरली.

पुढे बालगंधर्व झालेला छोटा नारायण राजहंस याच जळगावात गाणं शिकत होता, हे आपण प्रत्येक प्रास्ताविकात सांगतो. त्याला आज आणून बसवलं असतं तर आधी अकरा शाली पांघरायला लावल्या असत्या.

आयोजकांनो, देणगीदाराचं नाव पडद्यावर लिहा, मोठ्या अक्षरांत लिहा, हवं तर दोनदा लिहा, पण सहाला गाणं सुरू करा. सत्कार शेवटी ठेवा, बघू किती जण थांबतात. पाहुणे गेले की सोफे मोकळे करा आणि त्या आजींना बसवा, काजूसकट. आणि तुम्ही, हे वाचून मान डोलावणारे, आज संध्याकाळी पास मागायला कोणाला तरी फोन लावणार आहात, मला माहीत आहे. नका लावू. नाट्य स्पर्धेचं तिकीट चहापाण्याच्या पैशांत मिळतं. वेळेचं बंधन असल्यामुळे पडदा बोलल्या वेळेला वर जातो. महिना-महिना नोकरी सांभाळून तालमी केलेली पोरं तिथे तीन परीक्षक आणि उद्या ज्यांचं नाटक आहे त्या मंडळींसमोर जीव तोडून काम करतात. खुर्च्या रिकाम्या आहेत, कुठलीही राखीव नाही. जा आणि शेवटच्या प्रवेशापर्यंत बसा.