झडती आली घरा, तोचि दिवाळी दसरा

दारात पोलीस दिसले की आधी चहा टाका. वॉरंट विचारून शोभा करून घेऊ नका. विनावॉरंट झडतीचा अधिकार त्यांना आहेच, नागरिक सुरक्षा संहितेचं (म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या, तपास कसा करायचा ते सांगणाऱ्या कायद्याचं) कलम १८५. वॉरंट आणेपर्यंत पुरावा हातचा जाईल असं वाटलं, तर त्याची कारणं आधी लिहायची आणि ४८ तासांत मॅजिस्ट्रेटकडे प्रत पाठवायची, असंही तिथेच लिहिलंय. पण एका हातात तुमचाच चहा, लिहिणार कसं?

पंच कोण ते बघू नका. कायद्याला परिसरातली दोन प्रतिष्ठित माणसं लागतात. माझ्याकडच्या दोघांतला एक ठाण्यासमोर वडापावची गाडी लावतो. (गाडी उद्याही तिथेच लावायची आहे बिचाऱ्याला.)

जुलै २०२४ पासून झडतीचं चित्रीकरण करावंच लागतं. हवालदारांनी मोबाइल काढला, बायकोला ‘उशीर होईल’ म्हणाले, परत खिशात.

जप्तीची यादी मागू नका. मी मागितली. माझं डीटीपीचं दुकान. मागच्या खोलीतल्या भाडेकरू पोरावर ऑनलाइन फसवणुकीचा गुन्हा, आणि उचलला कुणाचा सीपीयू? माझा! ऐन लग्नसराईत, आत अकरा पत्रिका. कीबोर्ड नेला, माउस नेला, प्रिंटरची वायर नेली. वायरीत कसला पुरावा साठवतात हो? यादी मागितली तर ‘ठाण्यात या’. ठाण्यात गेलो तर साहेब बंदोबस्ताला. पुढच्या खेपेला साहेबांची बदली. नवे म्हणाले, कोर्टात अर्ज करा. कोर्टाने पोलिसांचं म्हणणं मागवलं, ते द्यायला पोलिसांना वेळ नाही. मुद्देमालाच्या खोलीत सीपीयू दिसला, त्यावर कुणाचा तरी जेवणाचा डबा. मुद्देमाल ठाण्यात फार तर पंधरा दिवस ते महिनाभर ठेवा, असं सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये सांगितलंय. माझा पाचवा महिना चालू आहे!

अहो, वॉरंट नका आणू. पण कारण लिहायला, यादीची सही केलेली प्रत द्यायला काय पैसे पडतात? भाजीवाली पाच रुपये परत देताना मोजून देते. सरकारी शिक्का हातात असून तुम्हाला एक कागद देववत नाही?

आणि शेजाऱ्यांनो, ‘काहीतरी केलं असणारच’ म्हणत कठड्याला टेकून बघत होतात ना? पंच म्हणून खाली या म्हटलं, तर दारं लावून घेतलीत. लाज वाटू द्या थोडी.