पुरेसे घट्ट आवळावेत

मी माहितीपुस्तिका लिहिते. नवं यंत्र घेतल्यावर खोक्याच्या तळाशी, थर्मोकोलला चिकटून, प्लॅस्टिकच्या पिशवीत जी चोपडी निघते आणि खोकं आवरताना पहिली बाहेर जाते, ती माझी साहित्यसेवा. काय करता, असं कोणी विचारलं की मी 'लेखन' म्हणते. समोरच्याच्या चेहऱ्यावर आदर उमटतो. "कथा की कविता?" "पंप," मी सांगते. पुढे हवापाण्याच्या गप्पा होतात.

या धंद्यात यंत्राचा त्रास नाही. त्रास आहे तो यंत्र कळलेल्या माणसाचा. ज्याला एखादी गोष्ट पुरती कळली, त्याला ती कधीकाळी कळत नव्हती हे आठवतच नाही. आमचे एक ज्येष्ठ इंजिनियर आहेत. पंपाच्या आवाजावरून त्याचं दुखणं ओळखतात. त्यांनी मला मजकूर पाठवला : 'चारही बोल्ट पुरेसे घट्ट आवळावेत.'

"साहेब, पुरेसे म्हणजे किती?"

"म्हणजे सैल राहता कामा नयेत."

"मग चांगले जोर लावून आवळा म्हणू?"

"छे छे! आटे जातील."

"मग आकडाच द्या ना. न्यूटन-मीटरमध्ये."

साहेबांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "मॅडम, ते हाताला कळतं."

कोणाच्या हाताला? साहेबांच्या. गिऱ्हाइकाच्या हातात आज जन्मात पहिल्यांदा पाना आलाय आणि तो हात घामेजलेला आहे. शेवटी आकडा मिळाला, २५ न्यूटन-मीटर. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात होता, खाली सही साहेबांचीच. शिवाय उठता उठता ते म्हणाले, "आणि हो, समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, थोडेथोडे आवळायचे. नाहीतर गॅस्केट एका अंगाला दबतं आणि पाणी गळतं." हे का नाही लिहिलंत? तर म्हणे, "हे सगळ्यांना माहीत असतं!"

या 'सगळ्यां'ना मला एकदा भेटायचंय.

त्याच मजकुरात पुढे पायरी ७ : 'झाकण काढून आतील तारा मोकळ्या कराव्यात.' आणि पायरी ८ : 'वरील कृतीपूर्वी वीजपुरवठा बंद असल्याची खात्री करावी.' पायरी ८ वाचायला माणूस शिल्लक राहिला, तर तो फार काळजीपूर्वक वाचेल यात शंका नाही. पुस्तिका कोणी आरामखुर्चीत बसून आधी संपूर्ण वाचत नाही. एक ओळ वाचायची, एक काम करायचं, की पुढची ओळ, असा तो प्रकार. म्हणून इशारा कृतीच्या आधी येतो, ठळक अक्षरात, आणि न ऐकल्यास काय होईल तेही सांगून. साहेबांना हे पटलं. फक्त म्हणाले, "पण क्रम बदलला की आकडे बदलावे लागतील." बदलले.

वाक्यांचं म्हणाल तर विमानदुरुस्तीवाले सर्वांत कडक. त्यांच्या एएसडी-एसटीई १०० या सोप्या तांत्रिक इंग्रजीच्या नियमावलीत सूचनेचं वाक्य २० शब्दांच्या आत बसवावं लागतं, वर्णनाला २५ ची सवलत. एका वाक्यात एकच सूचना, आणि एका वस्तूला शेवटपर्यंत एकच नाव. हा शेवटचा नियम शाळेत निबंधाला बक्षीस मिळालेल्यांना फार जाचतो. त्यांना 'झडप' पुन्हा लिहायला लाज वाटते, म्हणून ते पुढच्या ओळीत 'व्हॉल्व्ह' करतात आणि तिसरीत 'सदर नियंत्रक'. वाचणारा बिचारा यंत्रावर तिसरा भाग शोधत बसतो.

तेच प्रशिक्षणार्थींचं. पंप गळतोय, का गळतोय ते बघून अहवाल द्या, एवढंच सांगितलेलं असतं. अहवाल येतो : 'मानवी जीवनात पाण्याचे महत्त्व अनन्यसाधारण आहे.' मग प्राचीन काळ, मग पंपाचा शोध, मग पंपांचे प्रकार. गळतीचं कारण रहस्यकथेतल्या खुन्यासारखं शेवटच्या पानावर सापडतं, तेही 'अशा प्रकारे' या शब्दांनंतर. मी त्यांना रागावत नाही. वर्षानुवर्षं पानं मोजून गुण मिळाले की हात आपोआप पानं भरतो. पण इथे वाचणारे वरिष्ठ मीटिंगला जाता जाता उभ्यानेच वाचणार आहेत. काय झालं, का झालं, आता काय करायचं हे पहिल्या चार ओळींत हवं. पाण्याचं महत्त्व त्यांना ठाऊक आहे; जमिनीवर तेच साचलंय.

एककांबद्दल मी बोलायला लागले की लोक लगेच मंगळावर जातात. २३ सप्टेंबर १९९९ ला नासाचं 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान मंगळापाशी पोचलं आणि हरवलं. एक सॉफ्टवेअर थ्रस्टरच्या, म्हणजे यानाला ढकलणाऱ्या छोट्या इंजिनांच्या, रेट्याचे आकडे पाउंड-सेकंदात देत होतं, दुसरं ते न्यूटन-सेकंद समजून घेत होतं. फरक सुमारे ४.४५ पट. मंगळापासून सुमारे २२६ किलोमीटरवर राहायचं यान ५७ किलोमीटरपर्यंत खाली गेलं. सगळे यावर मान हलवतात. माझा जीव मात्र वेगळ्याच तपशिलावर तुटतो. दोन सॉफ्टवेअरनी एकमेकांशी कसं बोलावं याचा दस्तऐवज होता आणि त्यात न्यूटन-सेकंदच लिहिलेलं होतं! म्हणजे माझ्याच कोणा व्यवसायबंधूने काम चोख केलं होतं. पाळायचं तेवढं राहून गेलं. त्या माणसाला भेटून एक कप चहा पाजावा असं मला फार वाटतं.

मसुदा झाला की तो सगळ्या विभागांत फिरून येतो. विक्रीवाले 'क्रांतिकारी' घालतात, कायदेवाले पंप पिऊ नये अशा थाटाचे इशारे घालतात, आणि एकजण नेमाने फक्त स्वल्पविराम हलवतो. हे सगळं सोसता येतं. खरी मजा चाचणीत. यंत्राशी काडीचा संबंध नसलेला माणूस आणायचा, त्याच्या हातात पुस्तिका द्यायची, आणि आपण तोंड मिटून बसायचं. गेल्या खेपेला हिशेब विभागातले एक गृहस्थ आले होते. साहेबही हट्टाने येऊन बसले.

गृहस्थांनी वाचलं : 'सुरू करण्याचे बटण दाबा.' मग यंत्राकडे पाहिलं. बटणं तीन. त्यांनी बोट लाल बटणाकडे नेलं. साहेब खुर्चीत चुळबुळले. बोट आणखी जवळ गेलं.

"अहो ते नाही! त्याच्या शेजारचं! निळं!"

"साहेब," मी म्हटलं, "तुम्ही प्रत्येक खोक्यात बसून जाणार आहात का?"

साहेब काही बोलले नाहीत. माझ्या हातातली प्रत ओढून घेतली, पेन काढलं, आणि 'बटण'च्या आधी 'निळे' लिहिलं. मग जरा विचार करून कंसात भर घातली : 'पुरेसे दाबा.'