बहिणीचं नाव अर्जात घालावंच लागतं

नमस्कार,

तुमचा एक ताऱ्याचा रिव्ह्यू वाचला. वडिलांच्या मृत्युपत्राच्या प्रोबेटचं (म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या दाखल्याचं) काम आमच्याकडे दिलं, पैसे भरले, दोन वर्षं उलटली तरी दादरचा फ्लॅट नावावर नाही. लग्न होऊन गेलेल्या बहिणीला आम्हीच नोटीस धाडून भांडण ओढवून घेतलं. आता प्रोबेटची सक्तीच उठली, म्हणजे सगळा खर्च पाण्यात. शिवाय फोन उचलत नाहीत. तुमची तक्रार साधारण अशी आहे.

उत्तर देताना माझे हात बांधलेले आहेत. अशिलाने वकिलाला सांगितलेलं बाहेर बोलायला साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 ची मनाई आहे. तेव्हा तुम्ही स्वतः इथे जे मांडलंय, तेवढ्यापुरतंच लिहिते. एक विनंती मात्र आधी. मृत्युपत्राच्या शेवटच्या पानाचा जो फोटो रिव्ह्यूला जोडलाय, तो आजच काढून टाका. समोरच्या बाजूचे वकीलही गूगल वाचतात.

बहिणीपासून सुरुवात करते, कारण राग मुळात तिथला आहे. "तिचं नाव अर्जात घातलंच नसतं तर तिला कळलंही नसतं," असं तुम्ही म्हणता. खरंय, कळलं नसतं. म्हणूनच घालावं लागतं. वडिलांनी तिला काही ठेवलं नाही, हा त्यांचा अधिकार होता. स्वकष्टाची मिळकत माणूस हवी त्याला देऊ शकतो. पण मृत्युपत्र नसतं, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने ती तुमच्याइतकीच पहिल्या वर्गातली वारस आहे. ज्या कागदामुळे तिचा वाटा जातो, त्याबद्दल कोर्ट तिला विचारणारच. एकतर ती ना-हरकतीचं ॲफिडेव्हिट देते, नाहीतर तिच्यावर सायटेशन, म्हणजे हरकत असेल तर सांगा अशी कोर्टाची नोटीस, बजावलं जातं. लग्न झालं म्हणून यातून कुणी सुटत नाही.

समजा, नाव गाळून प्रोबेट मिळवलं असतं. 1925 च्या भारतीय वारसा कायद्यात कलम 263 आहे, आणि त्याखाली उदाहरणच दिलंय: ज्यांना सायटेशन जायला हवं होतं त्यांना ते न देता मिळवलेलं प्रोबेट रद्द होऊ शकतं. तोवर तुम्ही फ्लॅट विकलेला असता, तर घेणारा तुमच्या दारात येऊन बसला असता. शिवाय वारसांची जी यादी अर्जात जाते, ती खरी असल्याच्या प्रतिज्ञेवर सही तुमची असते, माझी नाही. असा अर्ज आमच्या ऑफिसातून आजवर गेला नाही, पुढेही जाणार नाही. ज्यांना तसाच हवा असेल त्यांनी खुशाल दुसरीकडे जावं, फोर्टात वकिलांची वाण नाही.

"साधी केस होती, वकिलांनी तिचा दावा करून टाकला," हे वाक्य वाचून मात्र हसू आलं. सायटेशन मिळाल्यावर कॅव्हेट, म्हणजे हरकतीची नोंद, घालायला 14 दिवस असतात. कॅव्हेट आलं, त्यापाठोपाठ कारणं मांडणारं ॲफिडेव्हिट आलं, की हायकोर्टाच्या नियमानेच अर्जाचा दावा होतो. तिथून पुढे साक्षीपुरावा, उलटतपासणी आणि बोर्डावर नंबर लागायची वाट. हा वेळ वकिलाच्या मर्जीने कमी होत नाही आणि वाढतही नाही.

साक्षीदार शोधण्यात आम्ही काही महिने घालवले, असाही आरोप आहे. मृत्युपत्रावर दोन साक्षीदार लागतात, आणि ते शाबित करताना त्यांतल्या हयात असलेल्या निदान एकाने शपथेवर सांगावं लागतं की सही माझ्यासमोर झाली. तुमच्या त्याच फोटोत दिसतंय: पहिल्या साक्षीदाराचं नाव नीट लिहिलंय, पण ते वारल्याचं तुम्हीच म्हणता. दुसऱ्याच्या जागी निळ्या शाईचं एक वेटोळं. खाली नाव नाही, पत्ता नाही, तारीख नाही. असा माणूस शोधायचा म्हणजे वडिलांचे ऑफिसातले सोबती, सोसायटीचे जुने सेक्रेटरी, फॅमिली डॉक्टर, एकेकाला ते वेटोळं दाखवत फिरावं लागतं. त्याच्यावाचून अर्ज पुढे रेटला असता, तर हायकोर्टातल्या टेस्टामेंटरी (मृत्युपत्रांचं काम पाहणाऱ्या) डिपार्टमेंटने ऑब्जेक्शन काढून तो तसाच परत टेबलावर ठेवला असता. (मृत्युपत्र करणाऱ्यांनो, साक्षीदाराचं पूर्ण नाव आणि पत्ता लिहून घ्या. एका ओळीचं काम आहे.)

आता सक्तीचं. मुंबईतल्या मिळकतीच्या मृत्युपत्राला प्रोबेट लागायचं ते त्याच 1925 च्या कायद्यातल्या कलम 213 मुळे, आणि संसदेने ते 2025 च्या डिसेंबरात वगळलं. तुमचा अर्ज त्याच्या आधीचा आहे, आणि सोसायटीने प्रोबेट मागितल्याचं तुम्हीच लिहिलंय. ज्या घरात सगळे वारस एका विचाराचे आहेत, त्यांचा त्रास या बदलाने खरोखर वाचेल. नव्या येणाऱ्यांना मी तसं सांगतेही. तुमच्याकडे तसं नाही. मृत्युपत्र खरं नाही, असं बहिणीचं म्हणणं असल्याचं तुम्हीच लिहिता. कलम गेलं म्हणून ते म्हणणं जात नाही. अर्ज मागे घेतलात, तर उद्या ती वाटणीचा दावा लावेल आणि तिथेही हाच कागद, हाच साक्षीदार उभा करावा लागेल. याउलट प्रोबेट मिळालं, तर मृत्युपत्राच्या खरेपणाचा प्रश्न सगळ्यांपुरता मिटतो.

"सोसायटीत नॉमिनी मीच होतो" हा मुद्दाही तुमच्या कामाचा नाही. नॉमिनी मिळकत सांभाळतो, मालक होत नाही. विम्याच्या पैशांबाबत सुप्रीम कोर्टाने हे 1983 मध्येच सांगितलं, शेअर्सबाबत डिसेंबर 2023 मध्ये पुन्हा सांगितलं. सोसायटीही नॉमिनीला वारस ठरेपर्यंत तात्पुरतंच सभासदत्व देते.

पैशांबद्दल थोडक्यात. तुम्ही जी रक्कम "वकिलांची फी" म्हणून लिहिलीत, त्यातले 75,000 रुपये कोर्ट फी आहे. मिळकत केवढीही असली तरी महाराष्ट्रात प्रोबेटला त्याहून जास्त कोर्ट फी लागत नाही. ती सरकारजमा होते आणि पावती तुमच्या फाइलला आहे. आमची फी वेगळी, तीही लेखी ठरलेली.

फोन कोर्टरूममध्ये बंद ठेवावा लागतो. संध्याकाळी सहानंतर ऑफिसात फोन केलात तर क्लार्क किंवा मी असतोच.

रिव्ह्यू काढा असं मी म्हणणार नाही, तारे वाढवा असंही नाही. वकिलाला जाहिरात करायला बार कौन्सिलची मनाईच आहे, तेव्हा ताऱ्यांवर आमचं दुकान चालत नाही. वकील बदलायचा असेल तर तसं लेखी कळवा. फाइल आणि ना-हरकत तयार ठेवते, त्यावर वाद घालणार नाही. राहायचं असेल तर पुढच्या तारखेआधी तुमचं साक्षीचं ॲफिडेव्हिट करायचंय. त्यासाठी वडिलांच्या सहीचे जुने कागद लागतील: बँकेचा फॉर्म, पासपोर्ट, पेन्शनचा अर्ज, जे सापडेल ते. झेरॉक्स नको, मूळ आणा.