सव्वा मिलिमीटरचा अन्याय

विमानांच्या प्रतिकृती जुळवण्याच्या छंदात गोंदाने बोटे चिकटणे, कॉकपिटची काच धुरकट होणे आणि चिमट्यातून निसटलेला सुटा भाग फरशीवर पडून कायमचा अंतर्धान पावणे, हे सर्वमान्य क्लेश आहेत. खरा छळ मात्र विमान पूर्ण होऊन कपाटात गेल्यावर सुरू होतो, आणि तो शेजारचे विमान करते.

माझ्या कपाटात दुसऱ्या महायुद्धातले दोन वैरी, जपानी झीरो आणि अमेरिकन वाइल्डकॅट, शेजारी-शेजारी उभे आहेत. वाइल्डकॅट १:४८ प्रमाणातले, म्हणजे लांबी-रुंदीत खऱ्या विमानाच्या अठ्ठेचाळीसाव्या भागाएवढे आहे, कारण फूट-इंचात मोजणाऱ्यांना फुटाला पाव इंच हा हिशेब सोयीचा पडतो. झीरो मात्र जुन्या जपानी किटमधले असून १:५० आहे. अठ्ठेचाळीस आणि पन्नास यांत फरक तो काय, असे कोणीही विचारील. त्याने पट्टी घ्यावी. खऱ्या झीरोच्या सुरुवातीच्या आवृत्तीचे पंख टोकापासून टोकापर्यंत १२ मीटर होते आणि वाइल्डकॅटचे ११.५८ मीटर, म्हणजे झीरो तब्बल ४२ सेंटिमीटरने रुंद. माझ्या कपाटात झीरो २४ सेंटिमीटर भरते आणि वाइल्डकॅट त्याहून सव्वा मिलिमीटर जास्त!

मोठी तफावत एक वेळ परवडते. वरच्या फळीवर १:१४४ चे लँकॅस्टर बॉम्बर २१.६ सेंटिमीटरांत आटोपते आणि त्याच्या शेजारचे १:४८ चे स्पिटफायर २३.४ सेंटिमीटर पंख पसरून त्याला झाकोळून टाकते, पण प्रत्यक्षात पावणेतीन पट रुंद असलेल्या बॉम्बरची ही अवस्था इतकी उघड चुकीची असते की डोळा तक्रारच करीत नाही. त्रास देतो तो लागता-लागता राहिलेल्या सुरासारखा चार टक्क्यांचा फरक.

यावर मी भूमितीचा तोडगा काढला आहे. वाइल्डकॅट डोळ्यापासून एक मीटरवर असेल, तर झीरो चार सेंटिमीटर पुढे सरकवावे. मग दोन्ही विमाने एकाच प्रमाणातली भासतात. अट एवढीच की पाहणाऱ्याने आखून दिलेल्या जागी, मान न हलवता, शक्यतो एक डोळा मिटून उभे राहावे. घरी येणाऱ्यांना मी हे अत्यंत सौजन्याने सांगतो. काही जण डोळा मिटतातही, आणि मग “हे हिरवे छान आहे हं!” असे म्हणत नेमके तेच नीट पाहण्यासाठी दोन पावले पुढे येतात. नाक काचेला टेकलेल्या माणसाला चार सेंटिमीटरचे महत्त्व पटवून देणे मला अद्याप साधलेले नाही.