पंचगंगेचा पूर जिनिव्हातून आला नाही

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर गेलं याचे मेसेज सुरू झाले की आमच्या गल्लीच्या ग्रुपवर एक जुना फॉरवर्डही हमखास वर येतो. जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेची महाकाय मशीन चुंबकानं ढग ओढते, २०१९ आणि २०२१ चा महापूर तिच्यामुळंच आला, एक दिवस तिथं कृष्णविवर तयार होऊन पृथ्वी गिळणार, आणि शास्त्रज्ञांना हे ठाऊक आहे, म्हणून तर आवारात नटराज उभा केलाय!

आधी पुराचं बोलू, तो आपल्या दारात आला होता. ती मशीन, म्हणजे प्रोटॉनची एकमेकांशी टक्कर घडवणारा लार्ज हॅड्रॉन कोलायडर, डिसेंबर २०१८ मध्ये दुरुस्तीसाठी बंद झाला. पुन्हा त्यात प्रोटॉन फिरले ते ऑक्टोबर २०२१ मध्ये, तेही चाचणीपुरते. म्हणजे ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा पंचगंगा ५५ फुटांपुढे गेली तेव्हा मशीन बंदच होती. गॅरेजात इंजिन उतरवून ठेवलेल्या ट्रकवर अपघाताची केस घालण्यातला प्रकार. पूर आला घाटमाथ्यावर कोसळलेल्या पावसानं. त्यात पंचगंगा जिथं कृष्णेला मिळते त्या नृसिंहवाडीला कृष्णाच फुगलेली, मग आपलं पाणी उतरणार कुठं? (पूररेषेतल्या बांधकामांबद्दल फॉरवर्डमध्ये चकार शब्द नाही.)

चुंबक जबरदस्त आहेत, हे खरं. पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या दीड लाख पटीहून जास्त. पण तो जोर प्रोटॉनच्या नळ्यांपुरता, भोवती लोखंडाचं कवच, आणि सगळं सरासरी १०० मीटर जमिनीखाली. प्रोटॉनना २७ किलोमीटरच्या वर्तुळात वळवत ठेवणं, एवढंच त्यांचं काम.

कृष्णविवराचं म्हणाल, तर एका टकरीची ऊर्जा १३.६ टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे रंकाळ्यावर उडणाऱ्या चौदाएक डासांएवढी. ती प्रोटॉनहून लहान जागेत कोंडते, म्हणून तिच्यातून नवे कण जन्मतात. ४ जुलै २०१२ ला जाहीर झालेला हिग्ज बोसॉन नावाचा कण असाच सापडला. याहून कितीतरी दांडगे, अवकाशातून येणारे वैश्विक किरण साडेचार अब्ज वर्षं पृथ्वीवर आणि चंद्रावर आदळताहेत. दोन्ही जागच्या जागी आहेत. सप्टेंबर २००८ मध्ये, सुरू होऊन नऊच दिवसांत तिथं मोठा बिघाड झाला, चुंबक थंड ठेवणारा हेलियम उसळून बाहेर आला. मोडली ती मशीन.

आणि नटराज? भारत सरकारची २००४ ची भेट. त्यापेक्षा सांगण्यासारखी गोष्ट बोगद्यात आहे: तीसएक टनांचे ते चुंबक केसाच्या जाडीएवढे सरकवून रांगेत बसवणारे हजारो जॅक भारतातून गेलेत, इंदूरच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्राच्या देखरेखीखाली तयार होऊन. उद्यमनगरात लेथवर उभ्या असलेल्या कुणालाही विचारा, त्यात काय कस लागतो ते.