लू व्हिटाकरची जागा हॉल ऑफ फेममध्येच आहे

बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंचा सन्मान करणाऱ्या हॉल ऑफ फेमचे निकाल जानेवारीत लागतात, आणि त्यासोबत एक मजकूर हटकून फिरायला लागतो. अमेरिकेतले मराठी चाहतेही तो पुढे पाठवतात. त्याचा सारांश असा: "खरा हॉल ऑफ फेमर ओळखायला विचार करावा लागत नाही. नाव ऐकताच 'हो' आलं तरच तो आत. लू व्हिटाकरला पहिल्या वर्षी तीन टक्केसुद्धा मतं पडली नाहीत, आणि ज्यांनी त्याला खेळताना पाहिलं त्यांनीच हा निकाल दिला. ना ३००० हिट्स (चेंडू मारून सुखरूप बेस गाठणं), ना ५०० होम रन (थेट मैदानाबाहेर मारलेले फटके), ना एकदाही एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू). असले खेळाडू घेत गेलो तर हॉलची किंमत उरणार नाही."

वाचायला ठसकेबाज आहे, पण यातला एकही युक्तिवाद तपासणीत टिकत नाही. आणि यात ज्याचा बळी जातो तो माझ्या मते आज हॉलच्या बाहेर असलेला सर्वोत्तम सेकंड बेसमन, म्हणजे दुसऱ्या बेसजवळ बचाव करणारा खेळाडू, आहे.

आधी निवड कशी होते ते थोडक्यात. निवृत्तीला पाच वर्षं झाली की खेळाडूचं नाव मतपत्रिकेवर येऊ शकतं. मतदार म्हणजे बेसबॉल वार्ताहर संघटनेचे किमान दहा वर्षं सदस्य असलेले पत्रकार. प्रत्येकाला जास्तीत जास्त दहा नावं लिहिता येतात. ७५ टक्के मतं मिळाली की खेळाडू कूपर्सटाउनला, जिथे हा हॉल आहे. ५ टक्क्यांच्या खाली गेला की पत्रकारांच्या यादीतून नाव कायमचं बाद. मधल्यांना पूर्वी पंधरा वर्षं मिळायची, २०१४ पासून दहा. पत्रकारांच्या हातून सुटलेल्यांचा विचार पुढे सोळा जणांची एक समिती करते. तिथे बारा मतं लागतात.

"विचार करावा लागत नाही"

१९३६ साली पहिलं मतदान झालं तेव्हा २२६ मतपत्रिका आल्या. टाय कॉबला २२२ मतं पडली, बेब रूथला २१५. म्हणजे अकरा पत्रकारांनी बेब रूथचं नाव लिहिलं नाही. ५११ सामने जिंकलेला पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) साय यंग त्या वर्षी निवडलाच गेला नाही, तो १९३७ मध्ये आला. १९४१ साली सलग ५६ सामन्यांत हिट मारणारा जो डिमॅजिओ १९५३ आणि १९५४ अशी दोन वर्षं मागे राहिला आणि १९५५ मध्ये आत गेला. योगी बेरा तीन वेळा एमव्हीपी होता, खेळाडू म्हणून त्याने दहा वर्ल्ड सिरीज (हंगामाच्या अंतिम मालिका) जिंकल्या. १९७१ मध्ये त्याला ७५ टक्के गाठता आले नाहीत. विली मेजलासुद्धा १९७९ मध्ये ४३२ पैकी २३ जणांनी मत दिलं नाही. आजवर प्रत्येक मतपत्रिकेवर नाव आलेला खेळाडू एकच, मारियानो रिवेरा, तोही २०१९ मध्ये.

तेव्हा विचार प्रत्येकाचा झाला आहे. ही कसोटी खरी मानली तर हॉलमध्ये रिवेराचा एकट्याचाच फलक राहील.

"पहिल्या वर्षीच कळतं"

स्कॉट रोलेनला २०१८ मध्ये, पहिल्या वर्षी, १०.२ टक्के मतं मिळाली. २०२३ मध्ये ७६.३ टक्के मिळवून तो आत गेला. लॅरी वॉकर २०१४ मध्ये १०.२ टक्क्यांवर घसरला होता, २०२० मध्ये शेवटच्या संधीला ७६.६ टक्क्यांनी निवडला गेला. बर्ट ब्लायलेव्हनने १७.५ टक्क्यांवरून सुरुवात केली आणि चौदाव्या वर्षी, २०११ मध्ये, तो पोहोचला. या काळात तिघांपैकी कोणीही एक चेंडू टाकला नाही की एक हिट मारला नाही. बदलली ती बघणाऱ्यांची नजर, कारण मधल्या वर्षांत लोकांनी आकडे उकरले, लेख लिहिले, वाद घातले. व्हिटाकरला ही वर्षं मिळालीच नाहीत. २००१ मध्ये ५१५ पैकी १५ मतं पडली, २.९ टक्के. टिकून राहायला २६ हवी होती. अकरा मतं कमी पडली आणि चर्चा सुरू होण्याआधीच दार बंद झालं.

पहिल्या वर्षी बाद झालेला खेळाडू लायक नसतोच, असंही नाही. टेड सिमन्सला १९९४ मध्ये ३.७ टक्के मिळाले होते. डिसेंबर २०१९ मध्ये समितीने त्याला निवडलं.

"ज्यांनी पाहिलं त्यांनीच ठरवलं"

मजकुरातलं सगळ्यात जड वाक्य हेच आहे, आणि सर्वात पोकळही. व्हिटाकर १९७७ ते १९९५ अशी एकोणीस वर्षं फक्त डेट्रॉइट टायगर्सकडून खेळला. टायगर्स अमेरिकन लीगमधले, मेजर लीगच्या दोन लीगपैकी एक. दोन लीगमधल्या संघांचे हंगामातले नियमित सामने १९९७ मध्ये सुरू झाले, म्हणजे तो निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी. दुसऱ्या, नॅशनल लीगमधल्या सिनसिनाटी, अटलांटा किंवा सेंट लुईसचा संघ वर्षभर कव्हर करणाऱ्या पत्रकाराने व्हिटाकरला पाहिलं ते कधी? दोन्ही लीगच्या निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यात, आणि टायगर्सनी सॅन डिएगोला ४-१ असं हरवलं त्या १९८४ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये. बाकी सगळं वर्तमानपत्रातल्या आकड्यांच्या चौकटीतून. मतदारांत अशांची संख्या मोठी होती.

आणि त्या काळच्या चौकटीत ठळक काय असायचं? सरासरी (बॅटिंगच्या दर संधीमागे हिट्स), होम रन, आरबीआय (फलंदाजाच्या फटक्यावर आलेल्या धावा). व्हिटाकरची सरासरी .२७६. डोळ्यात भरत नाही. त्याने कारकिर्दीत ११९७ वॉक मिळवले, स्ट्राइकआउट १०९९, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद होण्यापेक्षा जास्त वेळा तो चेंडू सोडून, संयमाने पहिल्या बेसवर गेला. ते त्या सरासरीत कुठेच दिसत नाही.

त्याच २००१ च्या मतपत्रिकेवर, पहिल्याच वर्षी, कर्बी पकेट ८२ टक्क्यांनी निवडला गेला. पकेटवर माझं प्रेम आहे. मिनेसोटाच्या दोन्ही विजेतेपदांचा तो प्राण होता, काचबिंदूने त्याची कारकीर्द अकाली संपवली, आणि तो आत आहे ते योग्यच आहे. पण दोघांचे आकडे शेजारी ठेवा. पकेट: २३०४ हिट्स, २०७ होम रन, सरासरी .३१८, बेसवर पोहोचण्याचं प्रमाण .३६०. व्हिटाकर: २३६९ हिट्स, २४४ होम रन, सरासरी .२७६, बेसवर पोहोचण्याचं प्रमाण .३६३. सरासरीत ४२ अंकांची दरी, आणि बेसवर जास्त प्रमाणात पोहोचणारा मात्र व्हिटाकर. पकेट आउटफिल्डर (मैदानाच्या मागच्या भागात बचाव करणारा), व्हिटाकर सेकंड बेसमन. त्या जागी बचाव अवघड आणि बॅटिंग सहसा कमजोर असते, त्यामुळे तिथून येणाऱ्या धावांचं मोल जास्त. एकाला ८२ टक्के, दुसऱ्याला तीनसुद्धा नाहीत. हा फरक मैदानावर झालेल्या खेळाचा असूच शकत नाही.

"ना ३०००, ना ५००, ना एमव्हीपी"

सेकंड बेसमनला ५०० होम रनची अट लावायची तर या जागेवरचा एकही खेळाडू हॉलमध्ये राहणार नाही. जो मॉर्गनचे २६८ होम रन आणि २५१७ हिट्स. तो १९९० मध्ये पहिल्याच वर्षी निवडला गेला. राइन सँडबर्गचे २८२ आणि २३८६. एमव्हीपीचं म्हणाल तर रॉबर्टो अलोमार आणि क्रेग बिजिओ कधीच एमव्हीपी नव्हते. डेरेक जीटरही नव्हता, आणि त्याला २०२० मध्ये ३९७ पैकी ३९६ मतं पडली.

बदली खेळाडूच्या तुलनेत एखाद्याने संघाला किती जास्तीचे विजय मिळवून दिले, हे 'वॉर' या मापाने मोजतात. बॅटिंग, धावणं, बचाव, सगळं त्यात येतं. बेसबॉल-रेफरन्सच्या हिशोबाने व्हिटाकर सुमारे ७५. सँडबर्ग ६८, अलोमार ६७, बिजिओ ६५. हे तिघे हॉलमध्ये आहेत. जेफ केंट ५५ च्या आसपास, आणि डिसेंबर २०२५ मध्ये समितीने त्यालाही १६ पैकी १४ मतांनी घेतलं. केंटने सेकंड बेसमन म्हणून सर्वाधिक होम रन मारले, त्याच्या निवडीबद्दल माझी तक्रार नाही. पण केंटसाठी दार उघडतं आणि व्हिटाकरचं नाव त्या यादीतसुद्धा नसतं, हे मला पटवून घेता येत नाही.

वॉर हे अंतिम सत्य नव्हे. जुन्या काळच्या बचावाचे आकडे अंदाजे असतात, दोन-चार अंकांवरून भांडण्यात अर्थ नाही. टीकाकारांची एक गोष्ट मान्यही करतो: व्हिटाकरचा असा एकही हंगाम नाही की ज्यात अख्खी लीग त्याच्याभोवती फिरली. १९८३ मध्ये .३२० आणि २०६ हिट्स, १९८९ मध्ये २८ होम रन, ही त्याची शिखरं. त्याचं मोठेपण उंचीपेक्षा लांबीत आहे. १९७८ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम नवोदित होता आणि १९९५ मध्ये, अडतिसाव्या वर्षी, शेवटच्या हंगामात .२९३ ने खेळत होता. मधल्या काळात बचावासाठी तीन गोल्ड ग्लव्ह, बॅटिंगसाठी चार सिल्व्हर स्लगर, पाच ऑल-स्टार निवडी. पुढे कितीतरी चाहत्यांच्या लक्षात राहिली ती १९८५ च्या ऑल-स्टारमधली गंमत: गणवेश घरी राहिला म्हणून त्याने स्टेडियमच्या दुकानातली जर्सी घालून पाठीवर मार्करने क्रमांक लिहून घेतला. ती जर्सी आज स्मिथसोनियन संग्रहालयाच्या संग्रहात आहे. खेळाडू स्वतः मात्र कूपर्सटाउनच्या बाहेर.

अॅलन ट्रॅमेलचं नाव घेतल्याशिवाय तर हा विषय पुराच होत नाही. ९ सप्टेंबर १९७७ रोजी, बॉस्टनच्या फेनवे पार्कवर, दोघांनी एकाच सामन्यात पदार्पण केलं. पुढे १९०० हून जास्त सामने ट्रॅमेल शॉर्टस्टॉपवर (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली जागा) आणि व्हिटाकर सेकंड बेसवर. ट्रॅमेलचे २३६५ हिट्स, व्हिटाकरचे २३६९. ट्रॅमेलला पत्रकारांनी पंधरा वर्षं नाकारलं, पण तो यादीत टिकून राहिला, आणि डिसेंबर २०१७ मध्ये समितीने त्याला निवडलं. त्याच्या जोडीदाराला दोन वर्षांनी समितीत सोळापैकी सहाच मतं मिळाली.

"हॉलची किंमत उरणार नाही"

मेजर लीगमध्ये आजवर वीस हजारांहून जास्त खेळाडू खेळले आणि त्यातले तीनशेसुद्धा हॉलमध्ये नाहीत. दर्जा घसरल्याची चिंता असेल तर १९७० च्या दशकाकडे बघा. तेव्हाच्या समितीत फ्रँकी फ्रिश आणि बिल टेरी यांचं वजन होतं, आणि त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांची रांगच आत गेली: जेसी हेन्स, चिक हेफी, रॉस यंग्ज, जॉर्ज केली. हेफीचे पुरे १५०० हिट्सही नाहीत. दर्जा तिथे पातळ झाला. व्हिटाकर आला तर हॉलमधल्या सेकंड बेसमनचा मध्य वर सरकेल, खाली नाही.

घाई का करायची, असंही काही जण विचारतात. रॉन सँटो पत्रकारांच्या यादीत वर्षानुवर्षं अडकला, डिसेंबर २०१० मध्ये वारला, आणि बरोबर एका वर्षाने समितीने त्याला निवडलं. डिक अॅलन दोनदा एकेका मताने हुकला. त्याची निवड झाली डिसेंबर २०२४ मध्ये, मृत्यूनंतर चार वर्षांनी. व्हिटाकरचा जन्म १९५७ चा. टायगर्सनी २०२२ मध्ये त्याचा १ क्रमांक निवृत्त केला (म्हणजे पुढे कोणालाही न देण्याचं ठरवलं) तेव्हा तो मैदानावर उभा होता आणि प्रेक्षक पूर्वीसारखे "लूऽऽऽ" म्हणून ओरडत होते.

१९८० नंतरच्या खेळाडूंसाठी समिती पुन्हा बसेल ती डिसेंबर २०२८ मध्ये. यादीत आठच नावं असतात, आणि २०२२ व २०२५ या दोन्ही वेळा त्यांत व्हिटाकर नव्हता. ती आठ नावं पत्रकारांचीच एक छाननी समिती ठरवते. व्हिटाकरसाठी बोलायचं असेल तर आत्ता, त्या छाननी समितीशी बोलायला हवं. यादी जाहीर झाल्यावर फार उशीर झालेला असेल.